विश्लेषण : १ टीबीच्या हार्ड डिस्कमध्ये ९३१ जीबीच का दिसतात? केबी, एमबी, जीबीचा गोंधळ नेमका काय?

नागपूर : सीताबर्डीच्या बाजारातून १ टीबीची हार्ड डिस्क आणली, घरी संगणकाला जोडली, तर स्क्रीनवर आकडा येतो ९३१ जीबी. इंटरनेटचा प्लॅन १०० एमबीपीएसचा आहे, पण फाइल डाउनलोड होताना वेग १२च्या पुढे सरकत नाही. बँक भरतीचा अर्ज भरताना फोटो ५० केबीच्या आत असतो, तरी संकेतस्थळ तो नाकारते.

तिन्ही वेळा पहिला संशय एकच असतो, तो म्हणजे कोणीतरी फसवले. बहुतेक वेळा तसे झालेले नसते. कंपनी, संगणक आणि संकेतस्थळ एकाच संक्षेपाचा अर्थ आपापल्या पद्धतीने लावतात. मात्र काही वेळा फसवणूक खरोखर झालेली असते आणि 'जीबी थोडे कमीच दिसतात' असे म्हणून ग्राहक गप्प बसतो. म्हणून कोणता फरक हिशेबातला आणि कोणता खिशाला कात्री लावणारा, हे ओळखता यायला हवे. त्यासाठी लागणारे गणित शाळेतल्या गुणाकार-भागाकाराच्या पलीकडचे नाही.

बिट आणि बाइट यांत फरक काय?

संगणकातली माहिती शेवटी शून्य आणि एक या दोन खुणांत साठते. अशी एक खूण म्हणजे एक बिट. आठ बिट मिळून एक बाइट होतो. इंग्रजीतले एक साधे अक्षर साठवायला साधारण एक बाइट लागतो. देवनागरीतल्या एका वर्णाला किंवा मात्रेला आजच्या प्रचलित पद्धतीत तीन बाइट लागतात.

'बिट' हा शब्द क्लॉड शॅनन यांच्या १९४८च्या प्रसिद्ध शोधनिबंधातून रूढ झाला. त्याचे श्रेय शॅनन यांनी जॉन टुकी यांना दिले होते. 'बाइट' हा शब्द १९५६मध्ये आयबीएमचे अभियंते वर्नर बुखहोल्झ यांनी घडवला. बिट आणि बाइट लिहिताना घोळ होऊ नये म्हणून त्यांनी त्याच्या रोमन स्पेलिंगमध्ये मुद्दाम 'आय'ऐवजी 'वाय' घातला.

पूर्ण शब्दातला घोळ त्यामुळे टळला, संक्षेपातला मात्र राहिला. दोन्ही शब्द 'बी'नेच सुरू होतात. म्हणून रोमन लिपीत बिटसाठी लहान 'बी' आणि बाइटसाठी मोठा 'बी' असा संकेत ठरला. जाहिरातींत तो नेहमी पाळला जात नाही आणि मराठीत तर तो पाळताच येत नाही. देवनागरीत लहान-मोठी अक्षरे नसल्यामुळे 'एमबी' म्हणजे मेगाबिट की मेगाबाइट, हे मराठी जाहिरात किंवा बातमी वाचून कळत नाही. या दोहोंत तब्बल आठ पटींचे अंतर आहे.

एक केबी म्हणजे १००० की १०२४?

दशमान पद्धतीत 'किलो' म्हणजे हजार. किलोमीटरमध्ये हजार मीटर, किलोग्रॅममध्ये हजार ग्रॅम. संगणकाची मोजणी मात्र दोनच्या पटीत चालते. दहा बटणांची एक रांग घेतली आणि प्रत्येक बटण 'चालू' किंवा 'बंद' ठेवता येत असेल, तर त्यांच्या एकूण १०२४ वेगवेगळ्या रचना होतात. मेमरी चिपमधल्या जागांना याच पद्धतीने पत्ते दिले जातात. त्यामुळे चिपची क्षमता हजारावर न थांबता १०२४वर येते.

१०२४ हा आकडा हजाराच्या अगदी जवळचा. त्यामुळे अभियंत्यांनी नवा शब्द न शोधता त्यालाच 'किलो' म्हणायला सुरुवात केली. मेमरी काही किलोबाइटची होती तोवर त्याने कोणाचे बिघडत नव्हते. पण प्रत्येक पायरीवर १०२४ने पुन्हा गुणावे लागते आणि दोन हिशेबांतले अंतर वाढत जाते :

- किलो : २.४ टक्के
- मेगा : ४.९ टक्के
- गिगा : ७.४ टक्के
- टेरा : सुमारे १० टक्के

दोन्ही हिशेब एकाच वस्तूत मिसळल्याचे ठळक उदाहरण म्हणजे जुनी साडेतीन इंची फ्लॉपी. तिच्यावर '१.४४ एमबी' असे लिहिलेले असे. प्रत्यक्षात तिच्यात १४,७४,५६० बाइट मावत, म्हणजे १४४० गुणिले १०२४. हा 'एमबी' दहा लाख बाइटचाही नाही आणि १०,४८,५७६ बाइटचाही नाही. तो १००० गुणिले १०२४ असा तिसराच आहे.

मग हार्ड डिस्कमधले ६९ जीबी गेले कुठे?

कुठेही गेलेले नाहीत. डिस्क तयार करणारी कंपनी दशमान हिशेब वापरते. तिच्या लेखी १ टीबी म्हणजे १ लाख कोटी बाइट आणि डिस्कमध्ये तेवढे बाइट खरोखर असतात. विंडोज मात्र १ जीबी म्हणजे १,०७,३७,४१,८२४ बाइट असे धरते. लाख कोटीला या आकड्याने भागले की उत्तर येते ९३१.

'फॉरमॅट करताना जागा जाते' असे उत्तर ग्राहकाला अनेकदा ऐकायला मिळते. फॉरमॅटिंगसाठी आणि फाइलींची नोंद ठेवण्यासाठी थोडी जागा लागते हे खरे. पण दिसणाऱ्या तफावतीत तिचा वाटा किरकोळ असतो. मुख्य कारण मोजमापाचे आहे.

विंडोज संगणकावर साधारण हे आकडे दिसायला हवेत :

- ३२ जीबी : २९.८
- ६४ जीबी : ५९.६
- १२८ जीबी : ११९.२
- २५६ जीबी : २३८.४
- ५१२ जीबी : ४७६.८
- १ टीबी : ९३१
- २ टीबी : १८६२ (स्क्रीनवर सुमारे १.८ टीबी)

तोंडी हिशेबाची युक्ती सोपी आहे. बॉक्सवरचा जीबीचा आकडा ०.९३ने गुणावा. आलेल्या उत्तराच्या आसपास आकडा दिसला तर माल बरोबर आहे.

यात चूक कोणाची?

नागपूरकरांना झिरो माइलच्या खुणेवरून हे चटकन समजेल. तिथल्या दगडावर गावांची अंतरे मैलांत कोरलेली आहेत. आज त्याच गावाला जाणारा वाहनचालक किलोमीटर मोजतो. १०० मैल आणि १६१ किलोमीटर हे आकडे वेगळे दिसले तरी रस्ता तेवढाच असतो. कोणी मैलाचा आकडा लिहून त्यापुढे 'किलोमीटर' असा शब्द लावला, तर मात्र वाचणारा गोंधळेल.

विंडोज नेमके हेच करते. ते १०२४च्या हिशेबाने भागाकार करते, पण उत्तरापुढे 'जीबी' असेच लिहिते. ॲपलने २००९मध्ये मॅकच्या 'स्नो लेपर्ड' आवृत्तीपासून दशमान हिशेब स्वीकारला. त्यामुळे तीच डिस्क मॅकला जोडली तर १ टीबीच दिसते. अँड्रॉइडनेही आठव्या आवृत्तीपासून, म्हणजे २०१७पासून, फाइलचा आकार सांगताना हजाराचा हिशेब धरला. म्हणून एकाच फाइलचा आकार फोनवर थोडा मोठा आणि लॅपटॉपवर थोडा लहान दिसतो. फाइल मात्र तीच असते.

मग १०२४साठी वेगळा शब्द नाही का?

आहे, आणि तोही पाव शतकापासून. आंतरराष्ट्रीय विद्युत-तंत्र आयोगाने डिसेंबर १९९८मध्ये दोनच्या पटींसाठी वेगळे उपसर्ग मंजूर केले. किबी, मेबी, गिबी, टेबी अशी त्यांची नावे आहेत. 'किलो' आणि 'बायनरी' यांतून 'किबी' तयार झाला आणि बाकीचे त्याच धर्तीवर. रोमन संक्षेपात मधे एक लहान 'आय' येतो. म्हणजे जीबी हा अब्ज बाइटचा आणि जीआयबी हा १०२४च्या हिशेबाचा.

एककांच्या आंतरराष्ट्रीय पद्धतीची अधिकृत पुस्तिकाही हेच सांगते. किलो, मेगा, गिगा म्हणजे फक्त दहाच्या पटी, दोनच्या पटींसाठी ते वापरू नयेत. लिनक्सवरच्या अनेक प्रोग्रॅममध्ये जीआयबी हा संक्षेप दिसतो. सामान्य ग्राहकाच्या बोलण्यात तो अजून आलेला नाही. दुकानात जाऊन कोणी '५१२ गिबीबाइटची डिस्क द्या' म्हणत नाही.

मोठ्या टोकाला मात्र नवी नावे लागतच आहेत. माहितीचा साठा इतका वाढला की नोव्हेंबर २०२२मध्ये मापनशास्त्राच्या जागतिक परिषदेने 'रोना' आणि 'क्वेटा' हे उपसर्ग जोडले. त्यांचा अर्थ अनुक्रमे एकावर २७ आणि एकावर ३० शून्ये.

विदर्भाला हा गोंधळ नवा आहे का?

नाही. ब्रिटिश काळात 'मण' हा शब्द देशभर चालत होता, पण बंगाली मण सुमारे ३७.३ किलोचा, मुंबईचा सुमारे १२.७ किलोचा आणि मद्रासचा सुमारे ११.३ किलोचा होता. तिन्ही मणांत शेर ४०च. शेरच वेगवेगळा असल्यामुळे मणही बदलत असे. १९५६च्या वजन-माप कायद्याने आणि ऑक्टोबर १९५८पासून टप्प्याटप्प्याने आलेल्या दशमान वजनांनी हा घोळ संपवला.

त्याची एक खूण आजही कापूस बाजारात आहे. शेतकऱ्याच्या कापसाचा भाव क्विंटलमध्ये निघतो, तर सरकी काढलेल्या रुईचा भाव ३५६ किलोच्या खंडीत सांगितला जातो. व्यापारी दोन्ही भाव ऐकून फसत नाही, कारण कोणता आकडा कोणत्या मापात आहे हे त्याला ठाऊक असते. डेटाच्या बाजारातही ग्राहकाला एवढीच माहिती हवी आहे.

फोनच्या बॉक्सवर '८ जीबी + १२८ जीबी' लिहिलेले असते. हे दोन्ही जीबी सारखेच का?

नाही. पहिला आकडा रॅमचा. रॅम आजही १०२४च्या हिशेबाने तयार होते आणि विकली जाते, म्हणून ८ जीबी रॅम म्हणजे ८,५८,९९,३४,५९२ बाइट. दुसरा आकडा स्टोरेजचा. तो दशमान असतो, म्हणजे १२८ अब्ज बाइट. एकाच बॉक्सवर, एकाच ओळीत, एकच संक्षेप दोन अर्थांनी छापलेला असतो.

रॅम आणि स्टोरेज यांतही गल्लत होते. रॅम म्हणजे स्वयंपाकाचा ओटा आणि स्टोरेज म्हणजे फडताळ. ओटा मोठा असेल तर एका वेळी जास्त कामे मांडता येतात. फडताळ मोठे असेल तर जास्त सामान ठेवता येते. 'फोनची मेमरी फुल झाली' म्हणताना बहुतेकांना फडताळच म्हणायचे असते.

अलीकडे '८ + ८ जीबी' किंवा '१६ जीबीपर्यंत रॅम' अशी जाहिरात दिसते. त्यातली दुसरी आठ जीबी बहुधा आभासी रॅम असते. म्हणजे फडताळातला एक कप्पा ओट्यासारखा वापरायचा. त्याचा वेग खऱ्या रॅमपेक्षा बराच कमी असतो आणि तेवढी जागा स्टोरेजमधून जाते. फोन घेताना 'खरी रॅम किती?' हा प्रश्न थेट विचारावा.

१०० एमबीपीएसच्या प्लॅनमध्ये वेग १२च का दिसतो?

इथे बिट आणि बाइटचा फरक आडवा येतो. इंटरनेटचा वेग सेकंदाला किती मेगाबिट यात सांगतात. फाइलचा आकार आणि डाउनलोडचा वेग ब्राउझर बहुधा मेगाबाइटमध्ये दाखवतो. म्हणून प्लॅनचा आकडा आठने भागायचा :

- ३० एमबीपीएस : सेकंदाला ३.७५ मेगाबाइट
- ५० एमबीपीएस : ६.२५ मेगाबाइट
- १०० एमबीपीएस : १२.५ मेगाबाइट
- ३०० एमबीपीएस : ३७.५ मेगाबाइट

१०० एमबीपीएसवर १ जीबीची फाइल उतरायला किमान ८० सेकंद लागतात. प्रत्यक्षात वायफायचे अंतर, भिंती आणि समोरच्या सर्व्हरचा वेग यांमुळे आणखी वेळ जातो. त्यामुळे आठऐवजी दहाने भागले तर रोजच्या वापराचा अंदाज बरोबर येतो.

याच मापाने सरकारी व्याख्याही वाचता येते. केंद्राने जानेवारी २०२३मध्ये ब्रॉडबँडची किमान गती सेकंदाला ५१२ किलोबिटवरून २ मेगाबिट केली. २ मेगाबिट म्हणजे सेकंदाला पाव मेगाबाइट. १ जीबीचा चित्रपट या किमान गतीने उतरवायला तासापेक्षा जास्त वेळ लागेल.

वेगाबद्दल तक्रार करण्यापूर्वी राउटरला केबलने लॅपटॉप जोडून वेग तपासावा. स्पीड टेस्टमध्ये आकडा १००च्या जवळ आणि डाउनलोडमध्ये १२च्या जवळ असेल तर कंपनी पूर्ण वेग देत आहे. स्पीड टेस्टमध्येच आकडा सतत ३०-४० येत असेल, तर तक्रारीला आधार आहे.

सीसीटीव्हीचा हिशेब का चुकतो?

शहरातल्या अनेक फ्लॅट स्कीममध्ये आता कॅमेरे बसले आहेत. चोरी झाल्यावर वीस दिवसांपूर्वीचे चित्रीकरण हवे असते आणि तेव्हा कळते की ते केव्हाच पुसले गेले. याचे मूळ अनेकदा डिस्क घेतानाच्या हिशेबात असते. कॅमेऱ्याचा वेग मेगाबिटमध्ये लिहिलेला असतो, तर डिस्क टेराबाइटमध्ये मिळते.

समजा एक कॅमेरा सेकंदाला २ मेगाबिट माहिती पाठवतो. म्हणजे पाव मेगाबाइट. दिवसाचे ८६,४०० सेकंद धरले तर एका कॅमेऱ्याला दिवसाला २१.६ जीबी लागतात. चार कॅमेऱ्यांना ८६.४ जीबी. १ टीबीची डिस्क साडेअकरा दिवसांत भरेल आणि त्यानंतर जुने चित्रीकरण पुसून नवे त्याच जागी बसेल. तीस दिवसांची नोंद हवी असेल तर सुमारे २.६ टीबी जागा लागेल. कॅमेऱ्याचा वेग ४ मेगाबिट असेल तर त्याच्या दुप्पट.

सोसायटीच्या बैठकीत 'डिस्क किती टीबीची?' यापेक्षा 'किती दिवसांचे चित्रीकरण राहील?' हा प्रश्न विचारणे आणि उत्तर लेखी घेणे जास्त उपयोगाचे आहे.

अर्जातला '५० केबी' नेमका किती?

भरतीच्या अर्जात हा प्रश्न थेट उमेदवारीशी जोडलेला असतो. बँक भरती घेणाऱ्या आयबीपीएसच्या सूचनांमध्ये फोटो २० ते ५० केबी आणि सही १० ते २० केबी अशी मर्यादा दिलेली असते. रोमन लिपीत ती लहान अक्षरांत छापली जाते. काटेकोर अर्थाने लहान 'बी' म्हणजे बिट. तसे धरले तर ५० किलोबिटचा फोटो जेमतेम सव्वासहा किलोबाइटचा होईल. अर्थात तसे कोणाला अपेक्षित नसते. इथे केबी म्हणजे किलोबाइट असेच समजायचे.

खरी अडचण मर्यादेच्या काठावर येते. समजा फोटो ५०,८०० बाइटचा आहे. विंडोज त्याचा आकार ४९.६ केबी दाखवते. नव्या फोनवर तोच ५०.८ केबी दिसतो. संकेतस्थळ १०२४चा हिशेब धरत असेल तर फोटो स्वीकारेल, हजाराचा धरत असेल तर नाकारेल.

त्यात आणखी एक आकडा भर घालतो. विंडोजमध्ये फाइलवर राइट क्लिक करून 'प्रॉपर्टीज' उघडले की 'साइज' आणि 'साइज ऑन डिस्क' असे दोन आकडे दिसतात. डिस्क बहुधा ४०९६ बाइटच्या कप्प्यांत विभागलेली असते. शेवटचा कप्पा अर्धा रिकामा असला तरी तो पूर्ण मोजला जातो. त्यामुळे याच फोटोचा 'साइज ऑन डिस्क' ५२ केबी येतो. अर्जासाठी तो पाहायचा नाही. पहिला आकडा आणि त्याच्या कंसातले बाइट पाहायचे.

उपाय साधा आहे. मर्यादा ५० केबी असेल तर फोटो ४५ केबीच्या आसपास ठेवावा. खालची मर्यादा २० असेल तर तो २२ केबीच्या खाली जाऊ देऊ नये. मग संकेतस्थळ कोणताही हिशेब धरो, फोटो मर्यादेतच राहतो. व्हॉट्सॲपवर साध्या पद्धतीने पाठवलेला फोटो आपोआप लहान होतो आणि त्याची स्पष्टताही कमी होते. सेवा केंद्रावर मूळ फोटो पोहोचवायचा असेल तर तो 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवावा. किलोबाइट आणि पिक्सेल या वेगळ्या अटी आहेत, दोन्ही स्वतंत्र तपासाव्यात.

आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे अर्ज शेवटच्या रात्रीवर ठेवू नये. फोटो नाकारला गेला तर तो पुन्हा कमी-जास्त करायला वेळ हातात राहतो.

हा वाद न्यायालयात गेला आहे का?

अमेरिकेत अनेकदा. ८० जीबीच्या डिस्कमध्ये ७४.५ जीबीच दिसतात, या तक्रारीवर वेस्टर्न डिजिटल कंपनीने २००६मध्ये तडजोड करून ग्राहकांना बॅकअप सॉफ्टवेअर मोफत देऊ केले. सीगेटने २००७मध्ये अशाच तडजोडीत किमतीच्या ५ टक्के परतावा किंवा मोफत सॉफ्टवेअर देण्याचे मान्य केले.

नंतर वारे फिरले. सॅनडिस्कविरुद्धचा पेनड्राइव्हचा दावा कॅलिफोर्नियातील न्यायालयाने २०२०मध्ये फेटाळला. १ जीबी म्हणजे १ अब्ज बाइट हे वेष्टनावर लिहिलेले होते, हे त्यात महत्त्वाचे ठरले. आज जवळपास प्रत्येक डिस्कच्या बॉक्सवर बारीक अक्षरात ही ओळ असते, ती या वादांनंतर अधिकच ठळकपणे ग्राहकाच्या विरोधात जाते. तेव्हा ९३१च्या आकड्यावरून दुकानदाराशी भांडण्यात अर्थ नाही.

मग खरी फसवणूक कशी ओळखायची?

ऑनलाइन बाजारात आणि रस्त्यावरच्या गाड्यांवर काहीशे रुपयांत '२ टीबी'चा पेनड्राइव्ह मिळतो. यातल्या बनावट मालात चिप प्रत्यक्षात ३२ किंवा ६४ जीबीची असते आणि संगणकाला खोटा आकडा सांगण्यासाठी तिच्या नियंत्रकात फेरफार केलेला असतो. म्हणजे स्क्रीनवर सुमारे १.८ टीबीच दिसतात, वर सांगितलेल्या हिशेबात अगदी बरोबर बसणारे. फाइली भरतानाही तक्रार येत नाही. खरी क्षमता संपली की नव्या फाइली जुन्यांवर लिहिल्या जातात किंवा कुठेच लिहिल्या जात नाहीत. लग्नाचे फोटो उघडायला गेल्यावर ते कळते.

त्यामुळे दिसणारा आकडा हा पुरावा नाही. पूर्ण ड्राइव्ह भरून परत वाचून पाहणे हीच खरी चाचणी. विंडोजसाठी 'एच२टेस्टडब्ल्यू' आणि लिनक्स व मॅकसाठी 'एफ३' हे मोफत प्रोग्रॅम ही चाचणी करतात. मोठ्या ड्राइव्हला त्यासाठी काही तास लागतात. ड्राइव्ह नवा आणि रिकामा असतानाच ही चाचणी करावी.

बनावट माल निघाल्यास बिल, वेष्टन आणि चाचणीच्या निकालाचा स्क्रीनशॉट जपून ठेवावा. आधी विक्रेत्याकडे लेखी तक्रार करावी. दाद न मिळाल्यास राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवता येते. बिलाशिवाय घेतलेल्या मालाची तक्रार टिकवणे कठीण जाते.

लक्षात ठेवण्यासारखे

- डिस्क, पेनड्राइव्ह, मेमरी कार्ड : बॉक्सवरचा जीबीचा आकडा ०.९३ने गुणावा. विंडोजवर तेवढेच दिसणार.
- इंटरनेटचा वेग : आठने भागावे, व्यवहारात दहाने.
- फोन : रॅम आणि स्टोरेज वेगळे विचारावे, आभासी रॅम मोजू नये.
- सीसीटीव्ही : टीबी न विचारता दिवस विचारावेत.
- अर्जातील फोटो : मर्यादेच्या दहा टक्के आत ठेवावा, 'साइज ऑन डिस्क' पाहू नये.
- अविश्वसनीय स्वस्त पेनड्राइव्ह : दिसणाऱ्या आकड्यावर विसंबू नये, भरून तपासावा.
- मराठीत लिहिताना शक्य तिथे 'एमबी'ऐवजी 'मेगाबिट' किंवा 'मेगाबाइट' असा पूर्ण शब्द लिहावा. चार अक्षरे जास्त लागतील, पण आठ पटींची चूक टळेल.